मॅनेजरची वेचणी

केसांच्या ढिगात पहिलं पीस सापडलं तेव्हा धाकट्याला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाच्या कोटाला चिकटून आलं असेल. दुसऱ्या दिवशी चार निघाली. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की संध्याकाळी दुकान झाडताना केरात माणसांचे केस कमी आणि मॅनेजरची पिसं जास्त.

मॅनेजर म्हणजे दुकानातला पोपट. हिरवा नव्हे; राखेसारखा करडा, शेपटी तेवढी लालभडक. चौदा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचा फोटोग्राफर स्टुडिओला कुलूप लावून निघून गेला, तेव्हा "आठ दिवसांत येऊन नेतो" म्हणत पिंजरा खाली न्हाव्याच्या दुकानात ठेवून गेला होता. ते आठ दिवस अजून संपले नव्हते. दाराजवळ, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या वर पिंजरा टांगलेला असे आणि तिथून हा प्राणी दुकानावर हुकमत गाजवी. एक गिऱ्हाईक उठलं की ओरडे, "पुढचा!" कुणी खुर्चीत बसलं की, "मान खाली!" मधूनच कुणाला उगाच विचारी, "लागलं का?" कात्रीचा कचकच आवाज तर असा काढी की धाकटा नुसता कंगवा धरून उभा असला तरी गिऱ्हाइकाला वाटे केस कापणं जोरात चाललंय. म्हणून नाव पडलं मॅनेजर.

धाकटा हे नावही असंच पडलेलं. माणूस बावन्न वर्षांचा, कल्ले पांढरे, गुडघे कुरकुरणारे. पण त्याचे वडील अजून रोज दुकानात येत, आणि ते थोरले, म्हणून हा धाकटा. पलीकडच्या गल्लीत त्याला काका म्हणणारी पोरं बाप झाली होती, तरी खुर्चीत बसलेलं कुणीही उठसूट म्हणे, "धाकट्या, मागून जरा बारीक घे रे."

तर त्या मॅनेजरच्या छातीवर आधी एक रुपयाएवढं टक्कल पडलं. मग ते बशीएवढं झालं. मग गळ्यापासून पायापर्यंत सगळी उघडी गुलाबी कातडी, वर डोकं तेवढं भरगच्च. डोक्यापर्यंत स्वतःची चोच पोचत नाही म्हणून ते वाचलं होतं, एवढंच.

न्हाव्याच्या दुकानात टकला पोपट! लोकांना काय, चघळायला आयता विषय मिळाला.

"काय रे धाकट्या, शिकाऊ उमेदवाराचा हात बसवायला पोपट घेतलास का?"

"त्याला लावतोस तेच तेल मला नको लावू बाबा."

आणि पोस्टमन, जो दर रविवारी सकाळी टपकायचा आणि ज्याची जीभ सायकलच्या घंटीपेक्षा जास्त वाजायची, तो म्हणाला, "त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? बघ की, सगळाच पिकलाय. कुठून कुठून पांढरे वेचणार?"

दुकान हसलं. धाकटाही हसला. हसला आणि वैतागला. कारण दोन जण पिंजऱ्याकडे बघून दारातूनच परत गेले होते. त्यातला एक बाहेर बोलला ते आत ऐकू आलं, "कातडीचा काहीतरी रोग दिसतोय. वस्तरे तरी धूत असेल का?"

धाकट्याने दुपारची जेवणाची सुट्टी पोपटापायी घालवायला सुरुवात केली. आधी पिंजरा फिनेलने धुतला, तर फिनेलच्या वासानेच मॅनेजर शिंकून शिंकून बेजार. मग टायरच्या दुकानवाल्याच्या सांगण्यावरून दाण्यात बदल केला. सूर्यफुलाच्या बिया बंद, गाजर-सफरचंद चालू. मॅनेजरने गाजराचे तुकडे एकेक करून नेम धरून खाली बसलेल्यांच्या डोक्यात टाकले. मग कुणी म्हणालं, एकटा आहे, आरसा लाव. दुकानात दोन मोठे आरसे असताना तिसरा छोटा आरसा पिंजऱ्यात लागला. मॅनेजरने त्या आरशातल्या पोपटाला दिवसभर "मान खाली! मान खाली!" म्हणून सळो की पळो करून सोडलं आणि तो ऐकेना म्हणून आरसाच खाली पाडला.

शेवटी जनावरांचा दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण होती, चेहऱ्यावर हसू, पण बोटं चिमट्यासारखी घट्ट. तिने मॅनेजरला टॉवेलात गुंडाळून उलटासुलटा तपासला. मॅनेजरने तिला विचारलं, "लागलं का?"

"नाही हो, तुम्हालाच लागलं असेल," ती म्हणाली आणि धाकट्याकडे वळली. "किडे नाहीत. रक्त तपासून बघू, पण मला आजार वाटत नाही. दुकानात फवारे उडवता? पावडर? वासाचं पाणी?"

"न्हाव्याचं दुकान आहे, बाई."

"ते बंद करा. निदान पिंजऱ्याच्या बाजूला तरी. आणि रोज साध्या पाण्याचा फवारा मारा त्याच्यावर."

वासाचं पाणी बंद झालं. गिऱ्हाइकं कुरकुरली, दाढीनंतर गालावर काहीतरी चुरचुरलं नाही तर दाढी झाल्यासारखं वाटत नाही म्हणे. रक्ताचा अहवाल स्वच्छ आला. आणि पिसं पडतच राहिली.

मग गळ्यात प्लास्टिकची कॉलर. म्हणजे चोच छातीपर्यंत जाणारच नाही. ती गोल पांढरी कॉलर घालून मॅनेजर पिंजऱ्यात बसला आणि रविवारची गर्दी बघतच राहिली.

"अरे, याला बसवलास का खुर्चीत? कापड बांधलंय!"

"काय मॅनेजर, दाढी की कटिंग?"

मॅनेजरला ते कापड काढता येईना. दोन दिवस तो दांडीवर उलटा उलटा चालला, तीनदा खाली आपटला, दाण्याच्या वाटीत कॉलरसकट अडकला आणि तिसऱ्या दिवशी खाणंच सोडलं. चौथ्या दिवशी धाकट्याने कॉलर कापली. कापल्यावर मॅनेजरने तासाभरात चार दिवसांचा अनुशेष भरून काढला. केरसुणी हातात घेऊन धाकटा नुसता बघत राहिला. एका पाखराच्या अंगावर इतकी पिसं येतात तरी कुठून?

"एक करा," डॉक्टरीणबाई म्हणाली. तीही आता थोडी वैतागली होती. "कागदावर लिहून काढा. पीस कधी उपटतो. त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं. आठ दिवस."

धाकट्याने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. हात साबणाने भरलेला, पेन्सिल कानावर, लक्ष वस्तऱ्यावर. तरी एवढं कळलं की सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, एकही पीस पडत नाही. रविवारी, पाय ठेवायला जागा नसते तेव्हा, सगळ्यात जास्त. म्हणजे एकटेपणाने नव्हे. मग कशाने? गर्दीची भीती? जो पोपट गर्दीला दम देतो त्याला गर्दीची भीती?

आणि मग बुधवारी मास्तर आले.

मास्तर शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण चुका काढण्यातून ते निवृत्त झाले नव्हते. नंबर येईपर्यंत बाकावर बसून वर्तमानपत्रातल्या चुकांना पेन्सिलने गोल करत. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "धाकट्या, तुझा पोपट अशुद्ध बोलतो."

"मास्तर, पोपट आहे तो."

"असेना का. शिकवणाऱ्याने नीट शिकवायला नको? केस निघाला, बरोबर. केस पुल्लिंगी. पण पीस? ते पीस. नपुंसकलिंगी. पीस निघालं. हा दर वेळी निघाला, निघाला म्हणतो."

धाकट्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. "दर वेळी म्हणजे?"

"दर वेळी म्हणजे दर वेळी! पीस उपटतो आणि 'निघाला' म्हणतो. मी आल्यापासून तीनदा झालं. या बघ खुणा केल्यात."

धाकट्याने थोरल्यांच्या खुर्चीकडे बघितलं.

'निघाला' हा शब्द त्या दुकानात दिवसातून शंभरदा ऐकू येई आणि तो थोरल्यांचा होता. थोरल्यांचे हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागले. आधी साबण लावताना, मग वस्तरा धरताना. टायरवाल्याच्या कानाची पाळी जरा कापली गेली. टायरवाला पुढच्या खेपेस म्हणाला, "आज धाकट्याकडेच बसतो." त्या संध्याकाळी धाकट्याने वडिलांच्या हातातला वस्तरा काढून घेतला. म्हणजे ओढून नाही घेतला. धुऊन ठेवतो म्हणून घेतला आणि परत दिला नाही.

त्यानंतर त्यांच्याकडे एकच काम उरलं: वेचणी. ज्यांचे केस अजून काळे आहेत पण कानशिलावर चारदोन पांढरे डोकावायला लागलेत, अशी माणसं थोरल्यांच्या खुर्चीत बसत. थोरले डावा हात डोक्यावर टेकवत, थरथर त्या टेकूत मुरवत, आणि उजव्या हातातल्या चिमट्याने नेमका पांढरा केस पकडून ठिप करून उपटत. मग तो केस उजेडात धरून जाहीर करत, "निघाला!" गिऱ्हाईक म्हणे, "बघू, बघू." सगळं दुकान मान वर करून बघे. त्यांचा तो शब्द धाकट्याने जन्मापासून ऐकलेला. घड्याळाच्या टिकटिकीकडे कुणाचं लक्ष जातं? आणि मॅनेजर तर दुकानातलं सगळंच बोलायचा. त्यात हेही एक.

रविवारी धाकट्याने मागचा आरसा हातात घेतला. गिऱ्हाइकाला मानेमागचं काम दाखवायचा तो हातआरसा. तो असा तिरका धरला की समोरच्या आरशात थोरले आणि वरचा पिंजरा दोन्ही दिसले.

थोरल्यांच्या खुर्चीत पोस्टमन. ठिप. "निघाला!" "बघू!" लोक हसले. वर मॅनेजरने मान वाकवली, छातीत चोच घातली, एक हिसका दिला. पीस पायात पकडून डोळ्यासमोर उजेडात धरलं, अगदी थोरले केस धरतात तसं, आणि म्हणाला, "निघाला!" बाक हास्याने हादरला. एक जण उठला आणि त्याने पिंजऱ्यात शेंगदाणा सरकवला.

"झालं की रे, किती वेळ मान दाखवतोस?" धाकट्यापुढचं गिऱ्हाईक म्हणालं.

धाकट्याने आरसा खाली ठेवला. महिनाभर फिनेल, गाजर, कॉलर केलं, आणि उत्तर पलीकडच्या खुर्चीमागे चिमटा घेऊन उभं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. कारण आता एकतर पोपट जाणार, नाहीतर थोरल्यांचा चिमटा. एकदा बापाच्या हातातलं काम काढून घेतलं होतं. पुन्हा ते करायची छाती नव्हती.

म्हणून त्याने आधी पळवाटा शोधल्या. पिंजरा मागच्या खोलीत, पडद्याआड ठेवला. मॅनेजर तिथून सकाळपासून "पुढचा! पुढचा! पुढचा!" असा कोकलला की बाकावरची दोन माणसं पाठोपाठ उठून चुकून खुर्चीपाशी आली. आणि संध्याकाळी पडद्यामागे बघावं तर पिसं पडलेलीच. आता तो स्वतःच म्हणत होता, स्वतःच उपटत होता, आणि कुणी हसत नाही म्हणून जास्तच उपटत होता.

मग घरी नेला. घरी बायको. तिने पहिल्या दिवशी दुकानात तीनदा फोन केला.

"अहो, मी स्वयंपाक करतेय आणि हा मला म्हणतो, मान खाली. माझ्या घरात! मला!"

"तो सगळ्यांनाच म्हणतो गं."

"मामंजींनी तीस वर्षांत मला असं म्हटलं नाही आणि हा टकला म्हणतो? शेजारीण दारात आली तर तिला पुढचा म्हणून हाकलली याने. ती आता बोलत नाही माझ्याशी. संध्याकाळी जेवायला नका येऊ, याला घेऊन जायला या."

"संध्याकाळी मी येतोच आहे घरी."

"मग आत्ता या!"

मॅनेजर परत दुकानात. पळवाटा संपल्या. शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, धाकट्याने चिमटे पुसायला घेतले. पुसायची गरज नव्हती.

"आबा, एक सांगायचं होतं."

"सांग."

"मॅनेजर तुमची नक्कल करतो."

"करू दे. तू कधी केली नाहीस, त्याने तरी करावी."

"तसं नाही आबा. तुम्ही केस काढता, निघाला म्हणता. लोक हसतात. ते बघून तो पिसं काढतो. डॉक्टरीणबाईंनी लिहून काढायला सांगितलं होतं. मी बघितलं."

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे म्हणजे... त्या शब्दामुळे."

"पन्नास वर्षं म्हणतोय तो शब्द. कुणाचं टक्कल पडलं नाही."

"आबा..."

"वस्तरा घेतलास. आता जीभ घे." एवढं बोलून ते उठले आणि बाहेर फुटपाथवरच्या बाकड्यावर जाऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी बघत बसले. ते धाकट्याला लागलं. रागही आला. पोपट फोटोग्राफरचा, हट्ट म्हाताऱ्याचा, हसणं लोकांचं, आणि निस्तरायचं मात्र याने!

दुसऱ्या दिवसापासून थोरले वेचणी करत, पण मुक्याने. ठिप करून केस काढत आणि ओठ घट्ट मिटून उजेडात धरत. आता सुटलो असं धाकट्याला वाटलं. पण गिऱ्हाइकांना ती शांतता खपेना.

"निघाला का हो?" खुर्चीतला विचारी.

थोरले चिमटा पुढच्या केसाकडे नेत.

"निघाला, निघाला, मी बघितला!" बाकावरचा ओरडे.

आणि वरून, "निघाला!" आणि पीस.

धाकट्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली, 'दुकानात निघाला म्हणू नये', आणि दारासमोरच लावली. याच्याइतकी गाढवचूक त्याने आयुष्यात केली नव्हती. दारातून आत येणारा प्रत्येक जण पाटीपुढे थांबे आणि मोठ्याने वाचे, "दुकानात निघाला म्हणू नये. म्हणजे? निघाला का म्हणू नये?"

"निघाला!" मॅनेजर म्हणे.

पोस्टमनने विचारलं, "मग काय म्हणायचं? प्रस्थान केलं?"

मास्तरांना वेगळंच दुखलं. "निघाला हा शब्द अवतरणात हवा. नाहीतर अर्थ लागत नाही. आणि निघालं चालेल का, तेही लिहायला हवं."

एक बाई दारात आल्या. "आमचे हे इथून निघाले का?"

"निघाला!" वरून उत्तर. बाईंना राग आला, नवऱ्याला अरेतुरे केलं म्हणून. धाकट्याने पाटी फाडून केराच्या डब्यात टाकली, वर पायाने दाबली.

गुरुवारी रक्त निघालं.

टायरवाला दाराजवळच्या, पिंजऱ्याखालच्या खुर्चीत होता, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. वरून "निघाला" आलं आणि टॉवेलावर टपकन लाल थेंब पडला. मग दुसरा. टायरवाल्याने झटकन दोन्ही कान पकडले. "कापलं का रे? परत कापलं?"

"तुमचं नाही," धाकटा म्हणाला आणि पिंजऱ्याकडे धावला.

मॅनेजरच्या छातीवर नवं पीस उगवत होतं. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ते त्याने मधोमध तोडलं होतं. रक्त थांबेना. पाखरू केवढं, त्याच्या अंगात रक्त ते किती! धाकट्याने कापसाचा बोळा दाबून धरला, मॅनेजरला टॉवेलात गुंडाळला आणि अर्ध्या दाढीच्या टायरवाल्याला तसाच सोडून दवाखान्याकडे पळाला. मॅनेजर टॉवेलातून काहीच बोलत नव्हता, आणि ते धाकट्याला सगळ्यात वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाईने नळीचं बूड उपटून काढलं, पावडर दाबली, रक्त थांबवलं. "आज नशीब. उद्या मांसात चोच घातली तर मला काही करता येणार नाही, आधीच सांगते. ज्याच्यावर हसू आणि शेंगदाणा मिळतो ते त्याच्यासमोर बंद. पूर्ण बंद. शब्द नको, चिमटा नको, उपटणंच नको. आणि चोचीला दुसरं काही द्या, फाडायला, तोडायला. तेव्हा हसा हवं तर."

परत येताना धाकट्याने सगळं बोलणं जुळवलं. आबा, वेचणी बंद करा. नाही, असं नको. आबा, थोडे दिवस विश्रांती घ्या. छे, विश्रांती म्हटलं की भडकतील. आबा, पोपट मरेल. मरू दे म्हणाले तर? नाही म्हणणार. पण म्हणाले तर?

दुकानात पोचला तेव्हा टायरवाला अर्धा गाल वाळवत बसला होता आणि थोरल्यांच्या खुर्चीत एक जण कानशील पुढे करून तयार होता. थोरल्यांनी धाकट्याच्या हातातल्या टॉवेलाकडे बघितलं. टॉवेलावर लाल डाग. आतून एक डोळा बाहेर बघत होता.

"जगला?" त्यांनी विचारलं.

"आजच्यापुरता."

थोरले गिऱ्हाइकाच्या डोक्यावर वाकले. चिमटा पुढे नेला, मागे घेतला. चष्मा वर केला, खाली केला. मग चिमटा आरशापुढच्या फळीवर ठेवून दिला.

"नाही दिसत बाबा," ते म्हणाले.

"काय नाही दिसत?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"पांढरा. काळा-पांढरा सगळा एकच दिसतो. डोळे गेले माझे. चूक नको व्हायला. वेचणी बंद."

"असे कसे डोळे गेले एकदम? गेल्या आठवड्यात तर..."

"एकदमच जातात. ऊठ आता, दुसऱ्याला बसू दे."

धाकट्याने जुळवलेलं सगळं बोलणं तोंडातच राहिलं. सकाळीच आबांनी वर्तमानपत्रातली सगळ्यात बारीक अक्षरांतली जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली होती. त्याने तोंड उघडलं. थोरल्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की ते त्याने परत मिटलं आणि टायरवाल्याच्या राहिलेल्या गालाला साबण लावायला घेतला. हात जरा जास्तच जोरात चालला.

"हळू रे," टायरवाला म्हणाला. "माझ्यावर का काढतोस?"

त्यानंतर धाकट्याच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो अजून उतरलेला नाही. पिंजरा थोरल्यांनी खाली उतरवून दुकानाच्या पार कोपऱ्यात, आपल्या खुर्चीशेजारी घेतला. दाढीचा एक झिजका ब्रश मॅनेजरच्या पुढ्यात धरला, त्यातला एक केस चिमट्याने ओढला आणि शेंगदाणा दिला. तिसऱ्या दिवसापर्यंत मॅनेजर एकेक केस ओढून ब्रशचा खराटा करायला शिकला. मॅनेजरने पिसाला चोच लावली की दुकानात सगळ्यांनी तोंड फिरवायचं, असा थोरल्यांनी नियम केला. आणि नियम मोडणाऱ्याला ते असे फैलावर घेत की पोस्टमनसुद्धा भिंतीकडे तोंड करून बसे.

"पाठ कर, पाठ कर! हसलास तर उद्यापासून दाढी घरी कर!"

झिजके ब्रश संपले. मग चांगल्यांवर पाळी आली. एका सकाळी धाकटा साबण लावायला गेला तर खणात एक धड ब्रश नाही.

"आबा, हा कालचा नवा होता."

"त्याला नवाच लागतो. जुन्याचे केस लवकर निघतात, मजा येत नाही त्याला."

"आणि मी दाढ्या कशाने करू?"

"बोटांनी कर. आम्ही केल्यात."

वेचणीची गिऱ्हाइकं धाकट्याच्या मागे लागली, तूच वेच म्हणून. त्याने कानांवर हात ठेवले. दोघं तेवढ्यापायी रुसून गेले ते गेलेच. थोरले दिवसभर पोपटाशी हुज्जत घालत, धाकट्याला ब्रश आणायला पिटाळत, कुठे साबण सांडला, कुठे कंगवा खाली पडला ते खुर्चीतून ओरडून सांगत. केरात आता केस, ब्रशचे केस आणि शेंगदाण्याची टरफलं. झाडून झाडून धाकट्याची कंबर गेली. दीड महिन्याने मॅनेजरच्या छातीवर करडी, विटक्या कापसासारखी लव दिसायला लागली. दिसायला आणखीच वाईट. डॉक्टरीणबाईला मात्र त्याचं फार कौतुक. "अजून मधेच एखादं उपटेल, पण धरलीय वाट," ती म्हणाली.

परवा पोस्टमन धाकट्याच्या खुर्चीत होता. कटिंग झालं, मान झाडली, कापड सोडायला घेतलं, एवढ्यात कोपऱ्यातून थोरल्यांचा आवाज आला.

"त्याच्या डाव्या कानामागे एक राहिलाय."

धाकट्याने बघितलं. बोटाने केस बाजूला करून, अगदी नाक लावून बघितलं, तेव्हा कुठे तो एक पांढरा केस सापडला. खुर्ची आणि कोपरा यांच्यात अख्खं दुकान होतं.

"आबा," धाकटा म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही ना?"

थोरल्यांनी ब्रश मॅनेजरपुढे धरला.

"नाहीच दिसत," ते म्हणाले. "म्हणून तर तुला बघायला सांगितलं."